प्रसंग बदलला की ब्राउनी आतून बदलायला हवी

दिवाळीत एका ऑफिसची साठ ब्राउनीजची ऑर्डर मी नाकारली. त्यांना ब्राउनी नेहमीचीच हवी होती, वर फक्त फाँडंटच्या, म्हणजे साखरेच्या मऊ लगद्याच्या पणत्या. डिसेंबरला त्याच ब्राउनीवर ख्रिसमस ट्री आणि व्हॅलेंटाइनला लाल हृदयं. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या छोट्या स्वयंपाकघरातून मी ऑर्डर घेते, साठ नग म्हणजे माझ्यासाठी चांगली कमाई. तरी नाही म्हटलं, कारण हे मला मनापासून पटत नाही. प्रसंग वरच्या सजावटीत नसतो. खाणारा कोण, तो कधी खाणार, कशाबरोबर खाणार, हे मिश्रण करतानाच ठरायला हवं.

मुळात ब्राउनीचा जन्मच एका प्रसंगासाठी झाला, असं शिकागोचं पामर हाउस हॉटेल सांगतं. 1893 च्या जागतिक प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांना डब्यातून नेता येईल आणि हात न बरबटवता खाता येईल असं काहीतरी बर्था पामर यांनी तिथल्या आचाऱ्यांकडे मागितलं. त्यांनी वर अक्रोड आणि जर्दाळूचा ग्लेझ असलेली चॉकलेटची वडी केली. म्हणजे आधी खाणारीचा विचार आणि मग पाककृती!

आता आपल्याकडचं बघा. पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस सोसायटीच्या हॉलमध्ये असतो. मुलं हातात तुकडा घेऊन पळतात. तिथे फजी, म्हणजे आतून दाट आणि ओलसर ब्राउनी दिली की निम्मी खुर्च्यांना लागते. माझी फजी ब्राउनी आठ इंची टिनला 200 ग्रॅम डार्क चॉकलेट, 150 ग्रॅम बटर, 200 ग्रॅम बारीक साखर, 3 अंडी आणि फक्त 80 ग्रॅम मैदा अशी असते. मुलांसाठी मी मैदा 120 ग्रॅमवर नेते, अर्धा चमचा बेकिंग पावडर घालते आणि डार्कच्या जागी थोडं मिल्क चॉकलेट. ती केककडे झुकते, पण हातात धरता येते. रात्री जागून अभ्यास करणाऱ्या बारावीच्या मुलीला मात्र फजीच द्यावी, जाड कापून.

दिवाळीची ब्राउनी चकली-चिवड्याच्या शेजारी बसते आणि लोक ती चार दिवस पुरवून खातात. म्हणून तिच्यात क्रीम नको, गनाश (क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट) नको. अक्रोड आधी भाजून घ्यायचे, गोड जरा कमी ठेवायचं. नौपाड्यातून घोडबंदरला डबा पोचेपर्यंत गनाशचं काय होतं ते मी ऑक्टोबरच्या उकाड्यात पाहिलंय.

एगलेसबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. गणपतीत किंवा जैन शेजाऱ्यांकडे द्यायची असली की बऱ्याच जणी अंडं काढून दही घालतात आणि तिला ब्राउनी म्हणतात. दह्याने ती जाळीदार होते, म्हणजे केकच झाला. अंड्यात साखर नीट फेटली की वर तो पातळ, चमकदार पापुद्रा येतो. अंडं नसताना तो तसाच यावा म्हणून धडपडू नये. मी कंडेन्स्ड मिल्क वापरते, नाहीतर एका अंड्याला एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून. पापुद्रा येत नाही, पण आतला दाटपणा मिळतो. आणि एगलेसचा टिन, बीटर, उलथणं वेगळं ठेवते. समोरचा माणूस विश्वासाने खातो, तिथे नुसतं धुऊन घेतलं म्हणून चालत नाही.

संक्रांतीला मी चॉकलेट घालतच नाही. ब्लाँडी, म्हणजे बिनचॉकलेटची ब्राउनी करते, गुळाची, भरपूर भाजलेले तीळ घालून. गूळ आणि बटर मंद आचेवर विरघळवायचं, गार झाल्यावरच पुढचं. गुळाच्या ब्लाँडीला खमंग कॅरॅमलचा वास येतो, आणि तीळ आहेत म्हणून तिळगूळ म्हणून द्यायलाही संकोच वाटत नाही.

आणि कंपाउंड चॉकलेट! त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, म्हणून ते उन्हाळ्यातही टिकतं आणि स्वस्त पडतं. 2024 च्या शेवटी कोकोचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला, तेव्हा अनेकींनी त्याकडे वळण्याचा सल्ला दिला. मी भाव वाढवले, तुकडा लहान केला, पण चॉकलेट बदललं नाही. कंपाउंड जिभेवर मेणासारखं राहतं. मधुमेह असलेल्या काकांनाही मी शुगरफ्रीच्या नावाखाली भलतंच काही देत नाही. खरी ब्राउनी देते, इंचभर, आणि मोजून एकच.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यांच्या सुनेने अक्रोडाची ब्राउनी सांगितली होती. मी विचारलं, आजींना कवळी आहे ना? मग अक्रोड काढले, मैदा कमी केला आणि टूथपिकला ओलसर कण चिकटत असतानाच टिन बाहेर काढला. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी सुरी गरम पाण्यात बुडवून कापली. पंगत उठल्यावर आजींनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "अगं, ही एकटीच अशी होती की मला पाण्याचा घोट लागला नाही." आणि उरलेले दोन तुकडे रुमालात बांधून त्यांनी उशाशी ठेवून दिले.