पारवा म्हणू नका

घराला तो फिकट, निळसर-राखाडी रंग द्यायचं तुमचं ठरलंच असेल, तर आधी एक पथ्य सांभाळा. त्याचं मराठी नाव तोंडातून निघू द्यायचं नाही. शेड कार्डावर जिथे निळा थकलेला दिसतो आणि राखाडी अजून पुरता हरलेला नसतो, तिथे बोट ठेवायचं. खाली इंग्रजीत धुकं, समुद्र, नदीतला दगड असं काहीतरी छापलेलं असेल. ते हळू आवाजात वाचायचं आणि मान डोलवायची. नागपुरात समुद्र कुठून आला, हे दुकानदाराला विचारायचं नाही.

मी शेड कार्ड घरी आणलं, तिथेच चुकलं. आजीने चष्मा कपाळावरून खाली ओढला, कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाली, "हा त पारवा होय बाप्पा. कबुतराचा रंग. एवढं तोंड वाकडं करून काहून सांगून राहिला?" झालं. त्या एका शब्दात लिटरमागे दोनशे रुपयांचा रुबाब उतरला. म्हणून सांगतो, घरात वडीलधारी माणसं असतील तर रंगकामाच्या आठवड्यात त्यांना गावी पोचवून या.

रंग तयार होताना मात्र जरूर पाहा. डब्यात आधीपासून भरलेला असतो तो पांढरा बेस. मशीन त्यात काळ्याचे, निळ्याचे चार थेंब सोडते, मग डबा गदागदा हलवला जातो आणि तुमच्या हाती बिल येतं. थेंबांचे पैसे फारसे नसतात, तुम्ही देता ते संयमाचे. आमच्या लहानपणी दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून भिंती मारायचे, अंगण पुसेपर्यंत हातपाय निळे. तोही निळाच होता, पण त्याला अभिरुची म्हणत नसत, सफेदी म्हणत.

निळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. या शहरात निळा रंग कुजबुजत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते बघा. 14 ऑक्टोबर 1956 पासून त्या निळ्याला इथे पत्ता आहे आणि खणखणीत आवाज आहे. तुम्हाला भिंतीवर हवाय तो निळा आवाज काढून घेतलेला. सोसायटीत त्यालाच 'डिसेंट' म्हणतात.

पहिला हात मारून झाला की घाबरू नका. ओला असताना तो पांढराफटक दिसेल. आमचा पेंटर म्हणाला, "भाऊ, सुकल्यावर डार्क होते." झालाही. तरी दुसऱ्या हातानंतर शेजारचे काका आत डोकावले, भिंतीवरून तळवा फिरवला आणि कौतुकाने म्हणाले, "प्राइमर मस्त बसला जी. कलर केव्हा मारून राहिले?" अशा वेळी हसायचं आणि चहा टाकायचा.

आता उजेडाचं. हा रंग वाढला ढगाळ देशांत. स्वीडनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिसऱ्या गुस्ताव राजाच्या काळात, असल्या फिकट करड्या-निळ्या खोल्यांची मोठी टूम होती. तिथलं हिवाळ्यातलं ऊन पातळ आणि पाहुण्यासारखं, आलं तर आलं. आपलं ऊन घरजावई आहे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारला ते आत आलं की पिवळ्या उजेडात भिंतीतला निळा बुडतो आणि शेवाळ वर येतं. रात्री पांढरी ट्यूब लावली की दवाखान्याचा वॉर्ड. पिवळा दिवा लावला तर पावसाळ्यातला पुठ्ठा. शेड कार्डावरचा रंग तुम्हाला रोज सकाळी नऊ ते साडेनऊ दिसेल. पाहुण्यांना तेव्हाच बोलवा.

इतर वेळी कोणी टपकलंच, तर नागपूरकरांकडे एक उपाय आहे जो स्वीडनकडेही नव्हता. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणत, तिथे शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यांनी तपास केला आणि निघालं असं, की दोष काळ्याचा नाही, शेजारी विणलेल्या रंगाचा आहे. त्यावर त्यांनी 1839 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्या कामाचं एवढंच, की नारिंगीशेजारी राखाडी ठेवला की तो निळा भासतो. तेव्हा भिंतीला टेकून संत्र्यांची टोपली ठेवा. आंबिया बहार डिसेंबरपर्यंत पुरेल, मग मृग बहार मार्चपर्यंत रेटेल. त्यानंतर भिंत आपल्या मूळ पगारावर येते.

आणि नेमका त्यानंतरच उन्हाळा येतो. हा 'थंड रंग' आहे, खोली गार वाटेल, असं तुम्हाला सांगण्यात आलं असेल. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने तापमान 56 अंश दाखवलं होतं, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तुमच्या भिंतीच्या थंडपणाची नोंद त्याच सेन्सरवर घ्यावी. गच्चीवर चुना मारला तर काही फरक पडतो. आतल्या भिंतीच्या छटेने घामाचा एक थेंब कमी होत नाही.

म्हणजे कूलर आलाच. मासिकातल्या त्या शांत खोल्यांत खिडकीत अडकवलेला पत्र्याचा कूलर कधी दिसत नाही. लोखंडी स्टँड नाही, पाण्याचा पाइप नाही, की बोअरच्या खाऱ्या पाण्याने जाळीवर साचलेली पांढरी पुटंही नाहीत. तुमच्या खोलीत हे सगळं असेल. कूलरखाली ओल धरेल, महिन्याभरात पोपडा फुगेल आणि नखाने खरवडलात तर आतून जुना पोपटी डोकावेल. हा भाग पाहुण्यांना दाखवताना 'टेक्स्चर' म्हणायचं.

आम्ही यंदा होळी झाल्यावर कूलर उघडला, वुडवूल बदलायला. मागची ताटी काढली तर आत जुन्या गवतावर कबुतरी बसलेली. पोटाखाली दोन अंडी. ती हलली नाही, फक्त मान फिरवून आमच्या भिंतीकडे पाहिलं. पाठ, पंख, भिंत, अगदी एकच शेड.

आजी काठी टेकत आली, कूलरमध्ये पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"हे पाय, कसा पक्का बसला रंग. अन् हिनं एक पैसा नाही देला."

पिल्लं उडायला महिना तरी जाईल. तोवर टेबल फॅन लावा आणि पश्चिमेची खिडकी बंद ठेवा.