खुलासा : बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध टाकून देऊ नका

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय : 'पहिल्या तीन दिवसांचं पिवळं दूध जड असतं, ते पिळून टाका, तोवर बाळाला मध-पाणी चाटवा.' हे चुकीचं आहे.

ते दूध म्हणजे चीक. गाई-म्हशीचा चीक आपण खरवसासाठी आवर्जून मागून आणतो आणि बाळाच्या वाट्याचा मात्र टाकतो! माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी तो वाटीत काढला होता. घट्ट, हळदीसारखा, जेमतेम दोन चमचे. 'एवढ्याशानं काय होणार?' त्या काळजीनंच म्हणाल्या. वॉर्डातल्या सिस्टरनी तीच वाटी घेऊन चमच्यानं बाळाला पाजली आणि समजावलं, नवजात बाळाचं पोटच इवलंसं असतं, थोडं थोडं पुरतं. चिकातली प्रतिपिंडं बाळाला संसर्गापासून वाचवतात. सासूबाईंनी लगेच ऐकलं. त्यांनाही कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात : जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजा, 6 महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. आईच्या दुधात जवळपास 87 टक्के पाणीच असतं, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यातही वरून लागत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं मात्र चालू ठेवा.

मध तर 1 वर्षापर्यंत बोटभरही नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.