दहा मिनिटांची पिठी

गेल्या जूनमध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. बायकोची बदली देवगड तालुक्यातल्या शाळेत झाली आणि माझ्या रक्ताच्या रिपोर्टात तीन महिन्यांची साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, "५.७ ते ६.४ म्हणजे काठावर. अजून पडला नाहीत." विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या पोराला सांगावं तशा सुरात. मग म्हणाले, "घरचं खा. अर्धं ताट भाजी, भात कमी." घरचं करणारी व्यक्ती त्याच सकाळी एसटीने देवगडला गेली होती, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

मी राहतो कणकवलीत, नोकरी कुडाळच्या बँकेत. नळाला पाणी सकाळी सहा ते सात. ते भरणं, आंघोळ, दाढी आणि बसस्टँड गाठणं एवढं वजा जाता स्वयंपाकाला शिल्लक राहतात पंचवीस मिनिटं. त्यातली पाच लायटर शोधण्यात जातात. उरलेल्या विसात नाश्ता, डबा आणि आरोग्य असं सगळं बसवायचं होतं.

पहिला उपाय पाकिटातला. मसाला ओट्स. गरम पाणी ओता, तीन मिनिटं थांबा. पाकिटावर एक सडपातळ बाई इतकी हसत होती, की तिची साखर नक्कीच पाचच्या खाली असणार. तीन मिनिटांनी वाटीत जे तयार झालं त्याने दशावताराची पोस्टरं गावभर चिकटवता आली असती. तरी खाल्लं. औषध म्हणून माणूस काय वाटेल ते खातो.

पण मी बँकवाला. बारीक अक्षर दिसलं की चष्मा आपोआप नाकावर येतो. पाकिटाच्या पाठीमागे घटकांची यादी असते आणि तिथे जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो. हे कळल्यापासून दुकानात सगळी पाकिटं उलटी धरूनच बघायचा नाद लागला. 'मल्टिग्रेन' म्हणून मिरवणाऱ्या एका बिस्किटात पहिला मान मैद्याचा, दुसरा साखरेचा. बाकी धान्यं लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांसारखी पार शेवटी, कंसात टक्के घेऊन उभी. ओट्सच्या पाकिटावर मीठ सोडियम या नावाने लपलेलं असतं. त्याला अडीचने गुणायचं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझं एका पाकिटात भागत नाही, म्हणून दोन. गुणाकार केला तर नाश्त्यालाच दोन ग्रॅमच्या आसपास. शिवाय सगळे आकडे 'एका वाढणीमागे'. ती वाढणी ज्याने ठरवली, त्याने मालवणी माणसाचं भाताचं ताट कधी बघितलेलं नसणार.

दुसरा उपाय सहकाऱ्याच्या पोरीने सांगितला. ती पुण्याला असते. म्हणे, रविवारी एकदम सगळं करून डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि आठवडाभर नुसतं गरम करून खायचं. पुण्यात असं होत असेल. मी रविवारी पाच तास उभा राहून काळ्या वाटाण्याची उसळ, दुधीची भाजी आणि फरसबी केली. उसळीला चांगलं नारळाचं वाटप लावलं. (बँकेतही आम्ही वाटपच करतो, पण कर्जाचं. दोन्ही वाटपांत एक साम्य आहे. उत्साहाच्या भरात केलेलं पुढे अंगावर येतं.) दहा डबे भरले, प्रत्येकावर वार लिहिला, फ्रीजचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. पाऊस आहे का?"

या प्रश्नाचा अर्थ सोमवारी रात्री कळला. वारा सुटला, कुठेतरी तारेवर माड पडला आणि लाइट गेली. दार बंद ठेवलं तर फ्रीज चारेक तास गार राहतो. मी दर अर्ध्या तासाने दार उघडून तो गार आहे ना, ते बघत होतो. लाइट आली मंगळवारी संध्याकाळी. बुधवारचा डबा उघडला तेव्हा उसळीवर पांढरा फेस होता आणि ती हळू आवाजात काहीतरी बोलत होती. नारळ घातलेलं अन्न पावसाळ्यात कुणाच्या बापाला विचारत नाही. शुक्रवारपर्यंतचे सगळे डबे माडाच्या मुळात गेले. यंदा माड बरा धरलाय.

तेव्हाच आईचा फोन आला. ती गावी असते, मालवण तालुक्यात, एक गाय आणि एक पाडा यांच्यासोबत. तिला सगळं सांगितलं. उसळीचं तिला काहीच वाटलं नाही. ओट्सवर मात्र ती थांबली.

"ओट म्हणजे ता घोड्याचा खाणा मा रे? तू कित्याक खातंस?"

मग म्हणाली, निळ्या झाकणाच्या डब्यात कुळथाचं पीठ आहे, मे महिन्यात दिलंय.

डबा सापडला. अडीच-तीन किलोचा, गळ्यापर्यंत भरलेला. इतकी वर्षं पिठी जेवलो, पण ती डब्यात राहते हे माहीत नव्हतं. ती कढईत उगवते असाच समज होता. आईने फोनवरून कृती सांगितली. पीठ गार पाण्यात कालवून घे, गरम पाण्यात टाकू नको. तेलात लसूण ठेचून, मिरची, कांदा, मग पाणी, दोन आमसुलं, उकळी आली की कालवलेलं पीठ ओत आणि ढवळत राहा. मी घड्याळ लावून केली. दहा मिनिटं! गुठळ्या चार, पण त्या मीच खाल्ल्या. शंभर ग्रॅम कुळथात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, हे नंतर वाचलं आणि त्या गुठळ्यांबद्दलही आदर वाटला.

पुढचे दोन महिने मी राजा होतो. सकाळी नाचणीची आंबील, डब्यात पिठी, थोडा उकडा भात, परसातला शेवग्याचा पाला. आळस आला त्या दिवशी सुकट भाजून कांदा-खोबऱ्याचं किसमूर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद, तेव्हा सुकीच मासळी खरी. ही पाच मिनिटांत होते, फक्त तिचा वास पाच तास राहतो. एकदा बँकेतल्या मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम केला. आमचे साहेब नागपूरचे, शुद्ध शाकाहारी, कोकणातली पहिलीच पोस्टिंग. एसीने तो वास सर्वांना समान हप्त्यांत वाटला. साहेब केबिनमधून बाहेर आले, काउंटरवर उभ्या असलेल्या कोळणीकडे दिलगिरीने बघितलं आणि परत आत गेले. ती बिचारी पासबुक भरायला आली होती. मी मान खाली घालून व्हाउचर तपासत राहिलो.

आता पाकिटाला एवढी नावं ठेवली, तर हेही सांगायला हवं की सुकटीच्या पुडीवर बारीक अक्षरात काही लिहिलेलं नसतं. असतं, तर सोडियमचा आकडा वाचून मी ओट्सची माफी मागितली असती. लोणच्याचंही तसंच. आईच्या बरणीला कुणी लेबल लावायला सांगत नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही. सुकट मी दोनदा धुऊन घेतो आणि वरून मीठ घालत नाही. लोणच्याबाबत आमची अजून बोलणी चालू आहेत.

ऑगस्टच्या अखेरीस डब्याचा तळ दिसला. आईला फोन केला.

"सगळा संपयलंस? मगे आता मे म्हयन्यात."

मे महिन्यात का, ते तिने सांगितलं. कुळीथ निवडायचे, उन्हात कडक करायचे, भाजायचे, जात्यावर भरडायचे, टरफलं पाखडायची आणि मग दळायचे. चार दिवस जातात म्हणाली, कंबर जाते ती वेगळी. मी मनातल्या मनात खतावणी मांडली. माझ्या नावावर दहा मिनिटं, तिच्या नावावर चार दिवस. आणि दोन महिने मी बँकेत सांगत सुटलो होतो की पिठी काय, झटपट होते!

लाज वाटली म्हणून स्वतः करायला घेतली. एक किलो कुळीथ आणले. ऊन नव्हतं, म्हणून नुसतेच भाजले. अर्धे कच्चे, अर्धे कोळसा. जातं नव्हतं, म्हणून मिक्सरवर भरडले. मिक्सरने पहिल्या फेरीत आवाज बदलला आणि दुसरीत वास. टरफलं पाखडायला गॅलरीत गेलो, तर वाऱ्याने टरफलं घरात आणि डाळ खाली उभ्या असलेल्या स्कूटरवर पाखडली. उरलेलं घेऊन गिरणीत गेलो. गिरणवाला पिशवीत डोकावून म्हणाला, "भाऊनु, एवढ्याक मशीन चालू करूक परवडना नाय."

शनिवारी बायको आली. पिठी काळी झाली होती. तिने पळी उचलून धरली, धार बघितली आणि म्हणाली, "ही रायगडात पाठवा. हायवेचं काम तिकडे अजून अडलंय."

ही बातमी तिनेच गावी पोचवली असणार, कारण मंगळवारी एसटीच्या कंडक्टरने मला हाक मारून फडक्यात बांधलेला डबा हातात दिला. आईने स्वतःसाठी ठेवलेलं पीठ. पीठ काढून घेतलं, डबा धुतला. पण आमच्यात शेजाऱ्याचाही डबा रिकामा परत करत नाहीत, आईचा कसा करणार? कपाटात ओट्सची सात पाकिटं पडून होती. ती फोडून डब्यात भरली आणि त्याच कंडक्टरकडे दिली.

दोन दिवसांनी आईचा फोन.

"ओट गावले रे. पाड्याक घातलंय."

"मग?"

"तेना तोंड पण लावल्यान नाय."