दमास्कस नळ्यांचे मूळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या आजोबांच्या दुनळी बंदुकीवर बर्मिंगहॅमचा ठसा स्पष्ट असताना, अशा बंदुकींच्या दमास्कस नळ्या (लोखंड व पोलादाच्या पिळाची नक्षी अंगावर दिसणाऱ्या) पुष्कळदा बेल्जियममधून येत असे लिहून मी त्या कारागिरांचा अपमान केला, असा आपला आक्षेप आहे.

ठसा खराच आहे. पण तो काय सांगतो ते पाहिले पाहिजे. मुकुट आणि एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड ही १८१३ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम प्रूफ हाउसची (बंदुकींच्या नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेची) १९०४ पूर्वीची खूण. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवली आणि ती टिकली, एवढीच ग्वाही ती देते. नळी कोणाच्या ऐरणीवर घडली, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

नळ्या घडवणारी गावे बेल्जियममधील लिएजजवळ, व्हेद्र नदीच्या खोऱ्यात होती. तेथून कच्च्या नळ्या बर्मिंगहॅमला जात, तशाच अमेरिकेत पार्कर ब्रदर्स या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडेही जात. लोखंड व पोलादाचे एकाआड एक थर तापवून एकजीव करायचे, त्यांच्या सळया ओढायच्या, प्रत्येक सळईला सुंभासारखा पीळ द्यायचा, मग दोन-तीन सळया शेजारी सांधून झालेली पट्टी लोखंडी दांड्याभोवती गुंडाळायची आणि वेढ्याला वेढा ठोकून जोडायचा, अशी ती रीत. म्हणूनच ती नक्षी वरून काढलेली नसते, धातूच्या अंगातच असते. गंज चढवून घासला की लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात आणि ती उमटते. दमास्कस शहराशी या नळ्यांचा संबंध केवळ नावापुरता.

बंदूक बांधणाऱ्याचे कसब यापुढे सुरू होई, आणि ते मी मुळीच कमी लेखत नाही. नळ्या आतून सरळ व गुळगुळीत करणे, बाहेरून कानशीने उतरवत नेणे (चांगल्या इंग्रजी बंदुकीत सर्वांत पातळ जागी जाडी पुष्कळदा एक मिलिमीटरही भरत नाही), मागची टोके पितळेच्या डाखाने आणि मधली पट्टी कथलाच्या डाखाने जोडणे, हे सारे त्याचे काम. शिवाय दोन्ही नळ्या समांतर ठेवून चालत नसे. दोहोंचे छर्रे सुमारे चाळीस यार्डांवर एकाच जागी पडावेत, म्हणून त्या तोंडाकडे किंचित जवळ आणाव्या लागत.

जाणकार, परवानाधारक कारागिराकडून पुढचे लाकूड उतरवून नळ्यांचे पोट पाहावे. तेथे एखाद्याची आद्याक्षरे असतील, तर ती नळी घडवणाऱ्याची असण्याचा संभव आहे. छायाचित्र पाठवलेत आणि ती खूण इंग्रज लोहाराची निघाली, तर आपल्या बंदुकीपुरते माझे मत मी आनंदाने बदलेन. पण खूण कोणाचीही निघो, तिच्यात आजचे काडतूस मात्र घालू नये, ही कळकळीची विनंती.