‘जबरदस्ती कोणी केली?’ या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे पाच ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: मोबाइल गेम फुकट असतात, पैसे भरायची जबरदस्ती कोणी करत नाही. लहानपणी आपणही दुकानात चिठ्ठ्या फोडल्या, बिघडलो नाही. चूक आईबापांची, फोन त्यांनीच दिला. कंपन्यांनाही खर्च असतो, विकत घेतलेली वस्तू मुलाकडेच राहते, आणि आता सरकारने कायदाही केला, मग ओरडता कशाला?

नागपुरात नंदनवनला माझं मोबाइल रिचार्ज आणि दुरुस्तीचं दुकान आहे. गेमचे रिडीम कोड, म्हणजे गेममध्ये पैसे भरायचे आकडे, मीही विकतो. म्हणून या मेसेजला उत्तर द्यायची जबाबदारी मला माझी वाटते.

आधी ‘फुकट’चं बघू. मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर कुत्रंही नाही, कूलरचं पाणी संपत आलेलं. सातवीतलं एक पोट्टं घामाघूम होऊन आलं. ‘काका, शंभरचा कोड द्या न.’ त्या आठवड्यातला त्याचा तिसरा शंभर. काय घ्यायचंय विचारलं, तर बंदुकीची स्किन, म्हणजे गेममधल्या बंदुकीचा नवा रंगढंग. केवढ्याची? त्याला रुपये सांगताच येईनात. ‘साडेतीनशे डायमंड,’ म्हणाला. डायमंड म्हणजे रुपये देऊन घ्यायचं गेममधलं चलन. मी त्याच्याच फोनवर पाहून पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला. डायमंड मिळत होते 300 च्या नाहीतर 500 च्या पॅकमध्ये. 350 ची वस्तू हवी म्हणजे 500 घ्या. उरलेल्या 150 मध्ये काहीच येत नाही, म्हणून पुढच्या वेळी ‘आधीचे आहेतच’ म्हणून पुन्हा टॉप-अप. इतवारीतला किराणावाला साडेतीनशे ग्रॅम साखर मागणाऱ्याला म्हणाला, की अर्धा किलोचेच पैसे द्या आणि उरलेली साखर माझ्याच डब्यात राहील, तर आपण त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू का?

रुपयाचा डायमंड केला की किंमत डोळ्यांआड जाते. मोठ्या माणसाचाही गोंधळ होतो, ते तर बारा वर्षांचं लेकरू. त्यात पडद्यावर घड्याळ उलटं धावत असतं: ऑफर संपायला दोन तास. दुसऱ्या दिवशी तीच ऑफर नव्या नावाने हजर. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा फसव्या मांडणीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार सांगितले आहेत आणि पहिलाच प्रकार खोटी घाई लावण्याचा आहे. जबरदस्ती फक्त हात पिरगाळूनच होते असं नाही.

आता चिठ्ठ्या. हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो. आमच्या शाळेसमोरच्या दुकानात पुठ्ठ्यावर शंभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत आणि वर बक्षिसं टांगलेली. पण त्या पुठ्ठ्याकडे नीट बघा. चिठ्ठ्या मोजून शंभर. साठ फुटल्या आणि मोठं बक्षीस अजून वर लटकलेलं असलं, तर ते उरलेल्या चाळिसांतच आहे हे शाळेतल्या प्रत्येक पोराला कळायचं. बक्षीस निघून गेलं की त्या पुठ्ठ्याला कोणी विचारायचं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं ते. चौथ्यांदा चिठ्ठी मागितली की दुकानदार स्वतःच हाकलायचा, ‘जाय घरी, बापाले सांगू काय?’

गेममधली क्रेट, म्हणजे ज्याला लूट बॉक्स म्हणतात ती पेटी, कधी रिकामी होत नाही. समजा चांगली वस्तू निघण्याची शक्यता 1 टक्का आहे. लोकांना वाटतं शंभर पेट्या उघडल्या की ती निघणारच. दर वेळी पुठ्ठा पुन्हा भरला जात असेल, तर शंभर पेट्या उघडूनही साधारण 37 टक्के लोकांच्या हाती ती वस्तू लागत नाही. काही गेममध्ये ठरावीक वेळांनंतर ती नक्की मिळते, पण तिथवर पोचायला किती रुपये लागतील हे पेटीवर लिहिलेलं नसतं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये काही नावाजलेल्या गेममधल्या अशा पेट्या म्हणजे जुगारच आहे असं सांगितलं, आणि तिथे त्या बंद कराव्या लागल्या. नेदरलँड्समध्ये 2022 ला न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, हेही खरं. म्हणजे वाद संपलेला नाही. पण ‘चिठ्ठ्यांसारखंच आहे’ म्हणणाऱ्याने तो पुठ्ठा एकदा आठवावा.

आईबापांच्या चुकीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे मला राग येतो. आमच्या गल्लीतल्या एक ताई डबे करून देतात. एका सकाळी बँकेचे मेसेज घेऊन दुकानात आल्या. ‘भाऊ, पैसे कटले न खात्यातले. मी तर कोणालेच पाठवले नाही.’ अकरा व्यवहार, मिळून 4,300 रुपये. पिन मुलाला ठाऊक होता, कारण घरचं विजेचं बिल, सिलिंडर, आजीच्या गोळ्या, सगळं तोच भरतो. आपल्या अर्ध्या घरांत हेच चालतं. ही बाई बेजबाबदार? खरेदी एका बोटाने झाली. परताव्यासाठी आम्ही दोघं सहा पानं पुढे-मागे फिरलो, सगळी इंग्रजीत. पैसे अर्धेच परत आले.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत मुलांनी ॲपमध्ये केलेल्या खरेदीवरून ॲपलने 2014 मध्ये किमान 3.25 कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं. डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाने ‘फोर्टनाइट’ हा गेम काढणाऱ्या एपिक गेम्सबरोबर 52 कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले 24.5 कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते. आयोगाचा आरोप होता, की बटणांची रचनाच अशी गोंधळाची ठेवली होती, की गेम सुरू होत असताना चुकून एक बटण दाबलं तरी खरेदी व्हायची. बँकेकडे तक्रार करणाऱ्यांची खाती बंद केली जात, असंही आयोगाने म्हटलं. तिथल्या लाखो आईबापांनाही फोन सांभाळता येत नव्हता का?

आपल्या करार कायद्यात तर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच शून्य ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, 1903 मध्ये मोहरी बीबी खटल्यात ते पक्कं केलं. पैसे गेले असतील तर गप्प बसू नका. त्याच दिवशी ॲप स्टोअरमध्ये परताव्याची मागणी टाका, मुलाचं वय लिहा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा.

कंपन्यांच्या खर्चाचा मुद्दा लगेच संपतो. ‘बाल्डर्स गेट 3’ हा गेम 2023 मध्ये आला. एकदा पैसे द्या आणि पूर्ण खेळा, आत दुकान नाही, तरी प्रचंड विकला गेला. उलट फुटबॉलच्या गेमचे पूर्ण पैसे घेऊन वर खेळाडूंची पाकिटं विकणाऱ्या ईए या कंपनीला ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारातून 2021 च्या आर्थिक वर्षात 162 कोटी डॉलर मिळाले. याला खर्च भागवणं म्हणत नाहीत.

‘वस्तू मुलाकडेच राहते’ हेही चूक. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गेम 2014 मध्ये लोकांनी पूर्ण किमतीत घेतला. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा गेला. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून अशी डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला सांगावं लागतं, की ग्राहकाला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना.

राहिला ऑगस्ट 2025 चा आपला कायदा. त्यातली बंदी पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर आहे. लूट बॉक्सचं त्यात नाव नाही. डायमंडच्या पॅकवर रुपयांत किंमत, पेटीवर शक्यता आणि मुलाच्या खरेदीला आईबापांची वेगळी परवानगी, एवढं तरी नियमांत यायला हवं.

त्या पोट्ट्याला मी पावती उलटी करून दाखवली. ती स्किन मिळेपर्यंत त्याचे किती रुपये जाणार होते, ते मोठ्या आकड्यात लिहिलं होतं. तो बराच वेळ त्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, ‘काका, एवढ्यात तर शटलची रॅकेट येते न.’ त्या दिवसापासून कोड मागणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी तो हिशोब लिहून देतो.