फक्त दातांवरून वंश कसा सांगता? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

शार्कच्या वंशावळीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शार्कचा सांगाडा सापडत नाही, सापडतात ते सुटे दात. एकाच शार्कच्या जबड्यात नाना तऱ्हेचे दात असतात, आणि वेगवेगळ्या कुळांतले दातही एकमेकांसारखे दिसू शकतात. मग आकार बघून दात एका ओळीत मांडायचे आणि त्या ओळीला ‘वंश’ म्हणायचं, याला पुरावा म्हणत नाहीत. शिवाय मेगॅलोडॉनला (आता नामशेष झालेल्या अवाढव्य शार्कला) पांढऱ्या शार्कचा पूर्वज म्हणणाऱ्यांनीच नंतर शब्द फिरवला, तर आताच्या म्हणण्यावर तरी विश्वास का ठेवायचा?

आधी माझी चूक कबूल करतो. लेखात मी ‘अखंड साखळी’ असं लिहिलं होतं. तसं लिहायला नको होतं. अमक्या माशाच्या पोटी तमका मासा जन्मला, हे कुठलाच दात सांगत नाही. दात सांगतात ते एवढंच, की एका शाखेतल्या माशांमध्ये काळानुसार कोणता बदल कोणत्या क्रमाने झाला. ‘वंशरेषा’ हा शब्द त्याच अर्थाने घ्यायचा, आणि मी तो सैलपणे वापरला.

पण ‘आकार बघून ओळीत मांडले’ हे मात्र खरं नाही. क्रम आपण लावत नाही, तो खडकांच्या थरांनी आधीच लावलेला असतो. दात कोणत्या थरातून निघाला आणि त्या थराचं वय किती, हे आधी बघायचं. आकाराचा विचार त्यानंतर. आकारातला बदल थरांच्या क्रमाशी जुळला नाही तर वंशाची कल्पना सोडून द्यावी लागते.

पांढऱ्या शार्कचंच बघा. जीवाश्म माशांचे अभ्यासक लुई आगासी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेगॅलोडॉनला नाव दिलं, तेव्हा त्याला पांढऱ्या शार्कच्याच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात), कार्कारोडॉनमध्ये घातलं. कारण साधं होतं: दोघांचे दात रुंद, त्रिकोणी, आणि दोघांच्या कडा करवतीसारख्या. तुम्ही ज्याला आक्षेप घेता तीच पद्धत ही, नुसतं बाह्य साम्य. त्यामुळे ‘मेगॅलोडॉन म्हणजे पांढऱ्या शार्कचा अवाढव्य नातलग’ ही समजूत दीडशे वर्षं टिकली.

ती मोडली दातांनीच. दोघांचे दात शेजारी ठेवून भिंगातून बघितले की फरक डोळ्यांत भरतो. मेगॅलोडॉनच्या कडेवरचे दाते बारीक आणि एकसारखे, जणू कानशीने मोजून काढलेले. पांढऱ्या शार्कचे दाते मोठे आणि अनियमित, एक लहान तर पुढचा जरा मोठा. दात उलटा करून जिभेकडची बाजू बघा. मेगॅलोडॉनमध्ये चकचकीत पातं आणि खडबडीत मूळ यांच्या मध्ये एक गडद, व्हीच्या आकाराचा पट्टा असतो. पूर्ण वाढलेल्या पांढऱ्या शार्कच्या दातावर तो नसतो. आता करवतीकडे दुर्लक्ष करून पांढऱ्या शार्कच्या दाताची नुसती बाह्यरेषा काढा. ती हुबेहूब जुळते ती एका गुळगुळीत कडेच्या दाताशी, कार्कारोडॉन हस्टालिसच्या. या हस्टालिसला पूर्वी माको शार्कचा भाऊबंद समजून त्याच्याच प्रजातीत ठेवत. 2006 मध्ये न्यबर्ग आणि सहकाऱ्यांनी या रूपरेषांची रीतसर मोजणी करून पांढऱ्या शार्कचं मूळ मेगॅलोडॉनकडे नसून या गुळगुळीत दातांच्या शार्ककडे आहे, असं दाखवलं.

मग मधला दुवा कुठे आहे, असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो विचारायलाच हवा. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यालगत पिस्को नावाचा वाळवंटी खडकांचा पट्टा आहे, एके काळचा समुद्रतळ. तिथे 1988 मध्ये एका शार्कचा जबडा निघाला. सुटे दात नव्हेत, तर 222 दात जबड्यात आपापल्या जागी, आणि सोबत पाठीच्या कण्याचे 45 मणके. ‘एकाच जबड्यातले वेगवेगळे दात’ या तुमच्या हरकतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही, कारण इथे कोणता दात पुढचा, कोणता बाजूचा, कोणता वरचा, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. या दातांच्या कडा ना हस्टालिससारख्या गुळगुळीत, ना आजच्या पांढऱ्या शार्कसारख्या धारदार करवतीच्या. दाते आहेत, पण अर्धेकच्चे, पुसट.

आणि वय? सुरुवातीला तो थर सुमारे 45 लाख वर्षांचा मानला जात होता. तेवढं वय खरं असतं तर दुवा अडचणीत आला असता, कारण पूर्ण करवतीचे पांढरे शार्क तोवर समुद्रात होतेच, आणि मधला टप्पा शेवटच्या टप्प्यानंतर अवतरला असं म्हणावं लागलं असतं. डॅना एरेट आणि सहकाऱ्यांनी थराचं वय पुन्हा काढलं, तेव्हा ते सुमारे 65 लाख वर्षं निघालं. 2012 मध्ये त्यांनी या शार्कला कार्कारोडॉन हबेली हे नाव दिलं. वय आणि रूप या दोन वेगळ्या वाटा आहेत. त्या एका जागी येऊन मिळाल्या, म्हणून मी या वंशरेषेवर विश्वास ठेवतो. एकट्या दाताच्या दिसण्यावर मीही ठेवला नसता.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याबद्दल. मत बदललं हा तुम्हाला पद्धतीचा दोष वाटतो. मला तर त्यात पद्धतीचा जीव दिसतो. सांगाडे मिळाले म्हणून मेगॅलोडॉनचं घराणं बदललेलं नाही, ते अजूनही बहुतेक दातांवरूनच ओळखलं जातं. बदललं ते दात बघण्याचं तंत्र, आणि किती दात, किती थरांतले बघितले, हे.

मेगॅलोडॉनचं आताचं घराणं म्हणजे ओटोडसचं. पॅलिओसीन काळातल्या (सुमारे 6.6 ते 5.6 कोटी वर्षांपूर्वीच्या) ओटोडस ऑब्लिकसचे दात गुळगुळीत कडांचे, आणि मुख्य पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा सुळा. पुढे याच घराण्यातल्या ऑरिक्युलेटस या जातीत कडांना दाते फुटतात, सुळे मात्र राहतात. अँगस्टिडेन्स, मग चुबुटेन्सिस असं येता येता सुळे आक्रसत जातात, आणि मेगॅलोडॉनमध्ये ते नाहीसे होतात. करवत या घराण्यात कितीतरी आधी आली, आणि पांढऱ्या शार्कच्या घराण्यात अगदी अलीकडे, स्वतंत्रपणे. तुम्ही म्हणता तसं साम्य वेगळ्या कुळांत खरंच येतं, आणि ते इथे पकडलं गेलं आहे.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स इथे समुद्रकड्यांत मायोसीन काळाचे (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीचे) थर एकावर एक उघडे आहेत. तिथल्या 359 दातांचा अभ्यास झाला. खालच्या थरांकडून वर यावं तसं बाजूचे सुळे असलेल्या दातांचं प्रमाण घटत जातं, आणि हे घटणं सुमारे सव्वा कोटी वर्षं चालतं. एकाच थरात सुळे असलेले आणि नसलेले दात शेजारी शेजारी मिळतात. म्हणजे चुबुटेन्सिस कुठे संपला आणि मेगॅलोडॉन कुठे सुरू झाला, याची रेघ आपण आपल्या सोयीने मारतो. त्यात आणखी एक पेच: मेगॅलोडॉनच्या पिल्लांच्या दातांवरही कधीकधी सुळ्यांची खूण राहते. सुळा दिसला की जुनी जात, इतकं सोपं ते नाही. माझ्या लेखात हा पेच आला नव्हता, तो यायला हवा होता.

दाताच्या आतही पुरावा असतो. टायगर शार्क आणि पांढरा शार्क, दोघांच्याही कडा करवतीच्या. पण दात आडवा कापला तर टायगर शार्कचा आतून पोकळ निघतो, आणि पांढऱ्या शार्कचा डेंटिनने, म्हणजे दाताच्या आतल्या हाडासारख्या द्रव्याने, गच्च भरलेला. ही भरीव रचना माको, पांढरा शार्क यांच्या गणाची ओळख आहे. तरी हीसुद्धा एकटी पुरत नाही. हेमिप्रिस्टिस हा शार्क टायगर शार्कच्या गणातला असूनही त्याचे दात आतून भरीव. त्याचे वरचे दात रुंद आणि करवतीचे, खालचे निमुळते, टोच्यासारखे. हे दोन्ही एकाच माशाचे आहेत हे आपण खात्रीने सांगू शकतो, कारण त्या प्रजातीतली एक जात आजही जिवंत आहे आणि तिच्या तोंडात तीच जोडी दिसते.

तुम्ही न काढलेली एक हरकत मीच मांडतो, कारण ती सगळ्यांत अवघड आहे. दात कठीण असतो. जुन्या थरातून झिजून सुटतो, वाहत जातो आणि लाखो वर्षांनी तरुण थरात पुन्हा गाडला जातो. मग तो आहे त्यापेक्षा तरुण वाटतो. मेगॅलोडॉन 26 लाख वर्षांपूर्वी संपला असं मानलं जाई. 2019 मध्ये बोसेनेकर आणि सहकाऱ्यांनी असे पुन्हा गाडले गेलेले आणि ठावठिकाणा संशयास्पद असलेले दात बाजूला काढले, तर ती वेळ सुमारे 36 लाख वर्षांपर्यंत मागे गेली. दहा लाख वर्षांचा फरक! कडा गोल झालेला, घासून गुळगुळीत झालेला दात हाती आला की म्हणूनच आधी थांबायचं.

आणि जिथे दात खरोखर अपुरे पडतात तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. हेलिकोप्रियॉन या नामशेष माशाच्या दातांचं गोल चक्र 1899 मध्ये रशियन भूवैज्ञानिक कार्पिन्स्की यांनी वर्णिलं. ते चक्र माशाच्या शरीरात बसायचं कुठे, यावर शंभर वर्षं वाद चालला. आयडाहोतल्या एका नमुन्याचं सीटी स्कॅन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात जबड्याची कूर्चा दिसली, आणि तो शार्कपेक्षा कायमेरा माशांच्या (शार्कच्या दूरच्या नातलगांच्या) जवळचा निघाला. तिथे आजच्या कुठल्याही माशाच्या तोंडाशी ताडून बघायची सोय नव्हती. पांढऱ्या शार्कच्या बाबतीत ती आहे, त्याचे दात आजही समुद्रात रोज पडतात.

लेखात आज दोन बदल केले आहेत. ‘अखंड साखळी’च्या जागी ‘टप्प्याटप्प्याने बदलत गेलेली वंशरेषा’ असं लिहिलं आहे, आणि पिल्लांच्या दातांवरच्या सुळ्यांबद्दल एक परिच्छेद वाढवला आहे. हबेलीबद्दलचा भाग तसाच ठेवला आहे. तो वाचून अजूनही कुठे खटकलं तर नेमकं कोणत्या दाताबद्दल आणि कोणत्या थराबद्दल, ते जरूर लिहा.