समज देऊन सोडलं म्हणजे संपलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अल्पवयीन मुलांच्या किरकोळ गुन्ह्यांवरच्या माझ्या लेखावर आपलं म्हणणं असं : मोबाइल चोरणाऱ्या पोराला समज देऊन घरी पाठवणं म्हणजे चोरीला मोकळं रान देणं, आणि पुण्यात 2024 मध्ये अल्पवयीन कारचालकाची तीनशे शब्दांच्या निबंधावर सुटका झाली तेव्हा बाल न्याय कायद्याचं खरं रूप दिसलं. आपला राग मला समजतो, पण यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

तो निबंध ही जामिनाची अट होती. मोटारीच्या धडकेत दोन माणसं मेलेलं ते प्रकरण किरकोळ गुन्ह्याचं नव्हतं. मी लिहिलं होतं ते डायव्हर्जनबद्दल, म्हणजे मुलाला शक्यतो न्यायालयीन प्रक्रियेबाहेरच सुधारण्याबद्दल. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 3 मध्ये ते तत्त्व म्हणून आहे. बालकाच्या किंवा समाजाच्या हितासाठी गरज असेल तिथे अपवादही आहे.

साधी चोरी तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची, म्हणून ती किरकोळ गुन्ह्यात मोडते. अशा वेळी 2016 च्या आदर्श नियमांनुसार एफआयआर होत नाही. बालकल्याण पोलीस अधिकारी स्टेशन डायरीत नोंद करतो, मुलाच्या घरची परिस्थिती नमुना 1 मध्ये भरतो आणि ती माहिती पहिल्या सुनावणीआधी बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे अल्पवयीनांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळाकडे, पाठवतो. अघोरी गुन्हा (किमान सात वर्षांच्या शिक्षेचा) असेल किंवा सोबत प्रौढ आरोपी असेल, तर एफआयआर होतोच. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चोर कोण हे माहीतच नसतं. अनोळखी इसमाविरुद्ध एफआयआर आधी होतो आणि आरोपी अल्पवयीन असल्याचं नंतर कळतं. घरात शिरून केलेली चोरी मात्र सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची आहे. ती गंभीर गुन्ह्यात जाते, त्यामुळे पोलिसांनी लावलेल्या कलमावर बरंच अवलंबून असतं.

मंडळाचे पर्याय कलम 18 मध्ये आहेत : समज, गट समुपदेशन, सामुदायिक सेवा, दंड, चांगल्या वर्तनाच्या अटीवर देखरेख आणि सर्वांत कडक म्हणजे तीन वर्षांपर्यंत विशेषगृह, म्हणजे अशा मुलांना ठेवण्याची सुधारसंस्था. सामुदायिक सेवा चौदा वर्षांवरील मुलांनाच देता येते. उद्यानाची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत अशी ती असते. यातला कोणताही आदेश नुसत्या अंदाजावर देऊ नये. त्यासाठी परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) मुलाच्या पार्श्वभूमीबद्दलचा सामाजिक तपासणी अहवाल लागतो आणि मुलाला प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत तो यायला हवा.

तो वेळेवर आला नाही, किंवा आला तरी एकाच साच्यातली चार वाक्यं घेऊन आला, की सगळं कोलमडतं. त्यातच वयाचा शाळेचा दाखला मिळेना म्हटलं की आणखी तारखा पडतात. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपली नाही, तर दोन महिने वाढवून मिळतात. तेवढ्यातही ती पुरी झाली नाही, तर कलम 14 नुसार कार्यवाही संपुष्टात येते. समुपदेशन नाही, सेवा नाही, देखरेखही नाही. आपण ज्याला मोकळं रान म्हणता ते मला इथे दिसतं आणि त्याबद्दल मलाही तितकाच संताप आहे. उपाय मात्र मुलाला तुरुंगात टाकण्याचा नाही. अहवाल वेळेत आणि नीट लिहिले जावेत, यासाठी परिविक्षा अधिकाऱ्यांवरचा भार कमी करायला हवा.

ज्याची वस्तू गेली त्याचं काय, हा आपला प्रश्न रास्त आहे. कलम 18 मध्ये त्याला भरपाई देण्याची थेट तरतूद नाही आणि ही उणीव मला खुपते. आपला मोबाइल जप्त झाला असेल, तर मुद्देमाल परत मिळावा म्हणून मंडळाकडे अर्ज करा. खरेदीचं बिल आणि आयएमईआय क्रमांक जोडा.